यादीत तेवीस ठिकाणं, तुमचं एकही नाही

प्रश्न : वय ५४, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. कॉलेजपासूनच्या चौघी मैत्रिणी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला, एकीच्या लेकीकडे चालल्यात. त्यातले चार दिवस चौघींनीच रोमला जायचं ठरलंय. शुक्रवारी सकाळी पोचायचं, सोमवारी रात्री परत. तिकिटं काढून झालीत, पैसे परत मिळणार नाहीत. बँकेत अधिकारी असलेल्या मैत्रिणीनं तासातासाचा कार्यक्रम आखलाय. पत्रलेखिकेचा उजवा गुडघा मात्र वर्षभर दुखतोय, अर्धा-पाऊण तास चाललं की सुजतो, आणि हे तिनं कोणाला सांगितलेलं नाही. खर्चासाठी प्रत्येकीनं पाचशे युरो एकत्र जमा करायचं घाटतंय, तेही तिला जड आहे. एक मैत्रीण "तुझे मी भरते" म्हणाली, ते नकोसं वाटलं. नवरा म्हणतो, "एवढे पैसे घालून पाय दुखवून घ्यायला कशाला जातेस?" तेव्हा सासूबाईंच्या तब्येतीचं कारण सांगून रोमपुरतं गळावं, की गोळी घेऊन निमूटपणे त्यांच्यामागे चालावं, असा प्रश्न आहे. शेवटी चारशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन चित्रकाराचं नाव घेऊन लिहिलंय : "तशी मला फक्त कॅराव्हाजिओची चित्रं डोळ्यांनी बघायची होती, पण त्यात त्यांना काय रस."

उत्तर :

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते गुडघ्याविषयी आहे असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या "तशी"पाशी अडखळले. तीस वर्षं मुलांना चित्रं काढायला शिकवणारी बाई रोमला चाललीय, आणि तिला काय बघायचंय हे पत्राच्या तळाशी, पाहुण्यानं उठता उठता पाणी मागावं तसं सांगतेय.

यादीचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. मोठा करून वाचला. तेवीस ठिकाणं आहेत. त्यात पाँपेई आहे, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन शहर, जे रोममध्ये नाहीच, नेपल्सच्याही पलीकडे आहे. सेंट पीटर्सचा घुमट आहे. खरेदीसाठी राखलेले साडेतीन तास आहेत. कॅराव्हाजिओ नाही. ही यादी तयार होत असताना ग्रुपवर तुम्ही काय लिहिलंत, हे मी न बघता सांगते : "मला काय गं, काहीही चालेल." चुकत असेन तर कळवा, पुढच्या सदरात माफी मागते.

आता त्या बँकेतल्या मैत्रिणीच्या जागी बसून बघा. तिघीजणी तिला काहीही चालेल म्हणतात. परदेशातलं शहर, दिवस चार, पैसे सगळ्यांचे. उद्या कोणी "एवढं लांब जाऊन अमुक राहिलंच" म्हणालं तर ते तिच्या माथी येणार. अशा वेळी माणूस काय करतं? इंटरनेटवर दिसेल ते सगळं यादीत कोंबतं. तेवीस ठिकाणं तिला हौसेनं बघायचीत असं तुम्ही धरून चाललायत. मला त्या यादीत हौस कमी आणि धसका जास्त दिसतो. तिलाही कोणीतरी "अगं, एवढं नको" म्हणावं असं वाटत नसेल कशावरून?

दुसरं म्हणजे, यादी वाटते तितकी पक्की नाही. व्हॅटिकन म्युझियम रविवारी लावलंय. ते रविवारी बंद असतं. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारपर्यंत उघडं ठेवतात, तेही फुकट, त्यामुळे त्या दिवशीची रांग म्हणजे गणपतीतली लालबागची रांग समजा. सोमवारी सकाळी बोर्गेझे गॅलरी लावलीय, ती सोमवारी बंद असते. इतर दिवशीही आधी वेळ आरक्षित केल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि दोन तासांनी बाहेर काढतात. म्हणजे कार्यक्रम पुन्हा मांडावा लागणारच आहे. तोंड उघडायला याहून सोयीचं निमित्त तुम्हाला मिळायचं नाही.

माझी एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघी मैत्रिणी रोमला गेलो होतो. मी नवे कोरे बूट घालून गेले, जे शहाण्या माणसानं करू नये. पहिल्या दिवशी अकरापर्यंत डाव्या टाचेला फोड आला. बोलले नाही. दुपारी स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर टेकले, तर लगेच पोलिसाची शिट्टी. २०१९पासून तिथे बसायला मनाई आहे, दंड २५० युरोंपासून सुरू होतो. नुसती उठवणी झाली, दंड नाही, पण मैत्रिणी खो-खो हसल्या आणि मी आतून धुमसले. रात्री जेवणाच्या बिलात न मागता आलेल्या पावाचे काही युरो लावलेले दिसले. त्यावरून मी वेटरशी, मग मैत्रिणीशी, मग दुसऱ्या मैत्रिणीशी असं क्रमानं भांडले. पावाचे पैसे लावायची तिथे रीतच आहे. माझं भांडण टाचेचं होतं, पावावर निघालं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून फोडावर लावायची पट्टी आणली, तेव्हा त्यातली एक म्हणाली, "कालच बोलली असतीस तर कालच बसलो असतो की, माझेही पाय गेले होते."

तुम्ही म्हणता, माझ्यामुळे विरस नको. पण निमूटपणे मागे चालणारी बाई विरस टाळत नाही, पुढे ढकलते. तिसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाल्यावर, हॉटेलच्या जिन्यात, रात्री दहा वाजता सांगाल ना, तो खरा विरस. आज सांगितलंत तर ती फक्त माहिती आहे, आणि माहितीवरून कार्यक्रम बदलता येतो.

सासूबाईंना यात ओढू नका. त्यांची तब्येत बिघडवलीत की ती रोज बिघडलेली ठेवावी लागेल, जर्मनीतल्या लेकीच्या स्वयंपाकघरात तिघी परत आल्यावर "आता कशा आहेत?" विचारतील, त्याचीही तयारी लागेल. मनापासून जायचं नसेल तर तसं सांगा, त्यालाही माझा पाठिंबा आहे; जर्मनीत चार दिवस नुसतं बसून राहणं हीसुद्धा सुट्टी आहे. पण पत्रावरून तसं वाटत नाही. आणि तुमच्या यजमानांचा प्रश्न तसा चुकीचा नाही, फक्त उत्तर तुम्हीच द्यायचंय. पाय दुखवायला नाही, अमुक चित्र बघायला चाललेय, असं नाव घेऊन सांगितलंत की तो वाद तिथेच संपेल. निदान माझ्या घरी तरी संपतो.

आता गुडघा. निघायच्या महिनाभर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि "मी रोज किती चालू शकेन, पायऱ्या किती" असा नेमका प्रश्न विचारा. गोळी कधी घ्यायची, पट्टा लावायचा का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. प्रवासविमा काढला असेलच. आधीपासूनचं दुखणं त्यात धरलंय की वगळलंय, तेवढं कलम वाचा. घडीची काठी न्या. काठी म्हातारपणाची वाटते, ठाऊक आहे. पण रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या बसाल्टच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, सांपिएत्रिनी म्हणतात त्यांना. शतकानुशतकं झिजून त्यांची पाठ गुळगुळीत आणि गोलसर झालीय. दोन दगडांच्या फटीत टाच अडकते, पावसात घसरतं. धडधाकट माणसाचीही पावलं तिथे वाकडी पडतात. पातळ सपाट चपला नकोत, जाड तळव्याचे, घरी महिनाभर वापरून मऊ केलेले बूट हवेत.

काय सोडायचं ते आधीच ठरवून टाका, म्हणजे तिथे जाऊन जीव खालीवर होणार नाही. सेंट पीटर्सचा घुमट तुमच्यासाठी नाही. पायथ्यापासून ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट आहे हे ऐकून भुलू नका, लिफ्टनंतरही ३२० उरतात, आणि वरचा जिना घुमटाच्या पोटातून तिरका जातो, मध्येच परत फिरायची सोय नाही. खाली चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे आणि मायकेलअँजेलोचा पिएता, म्हणजे मेरीच्या मांडीवर येशूचा देह असलेलं शिल्प, खालीच आहे. स्पॅनिश स्टेप्सच्या १३५ पायऱ्या खालून छान दिसतात. कोलोसियमच्या तिकिटात फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी धरलेली असते, म्हणून लोक ऊर फुटेस्तोवर तिन्ही उरकतात. तुम्ही कोलोसियम बघा, तिथे आत लिफ्ट आहे. फोरम मात्र कॅपिटोलाइन टेकडीच्या मागच्या कठड्यावरून बघा. तिथून सगळे अवशेष पायाशी पसरलेले दिसतात आणि पैसे पडत नाहीत. त्या टेकडीवर जाणारा मायकेलअँजेलोनं आखलेला रस्ता उताराचा, रुंद आणि बुटक्या टप्प्यांचा आहे, गुडघ्याला दया दाखवणारा.

व्हॅटिकन म्युझियम लांबलचक आहे, सिस्टाइन चॅपेलपर्यंत पोचायलाच पायांचे तुकडे पडतात. व्हीलचेअर मिळते, लाज वाटून घेऊ नका. चॅपेलच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाकं आहेत. कोणी उठलं की चपळाईनं जागा धरायची, मान मागे टाकायची आणि बसून राहायचं. तिथे फोटोलाही बंदी आहे आणि बोलायलाही, त्यामुळे चौघींपैकी कोणालाच "चला आता" म्हणता येत नाही. ते छत मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलं. आडवं पडून रंगवलं अशी दंतकथा आहे, प्रत्यक्षात उभ्यानं, मान वर करून. मान, पाठ, पोट यांची काय दशा झाली ते त्यानं स्वतःच एका कवितेत लिहून ठेवलंय, मित्राला धाडलेल्या. म्हणजे तोसुद्धा दुखतंय ते मित्राला कळवत होता.

चौघींनी चारही दिवस एकमेकींना चिकटून राहायला हवं, हे कुठे ठरलं? तुम्ही ते गृहीत धरलंय, आणि मला वाटतं या पत्रातला निम्मा ताण त्यातून आलाय. आपल्याकडे बायका एकत्र निघाल्या की बाथरूमला जाणारीसुद्धा एकटी जात नाही. पण तुम्ही चौघी एका खोलीत किंवा शेजारच्या दोन खोल्यांत झोपणार, सकाळचा चहा एकत्र घेणार, रात्रीचं एकत्र जेवणार. मधले चार तास वेगळे गेले तर रात्री सांगायला काही असेल. नाहीतर चौघींनी एकच बघितलं, एकीनं दुसरीला काय सांगायचं?

पाँपेईचंच घ्या. रोमहून नेपल्स वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आत, तिथून लोकल, मग दिवसभर उन्हात दगडी रस्त्यांवर पायपीट, मग तोच प्रवास उलटा. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं. तुम्ही राहा. "मी येत नाही" असं सांगायचं नाही, "मी त्या दिवशी हे करणार आहे" असं सांगायचं. या दोन वाक्यांत फार फरक पडतो. पहिल्या वाक्यावर मैत्रिणी मनधरणी करतात, दुसऱ्यावर विचारतात, "ए, मी पण येऊ का?"

फोन असा करा. ग्रुपवर नको, आधी फक्त बँकेतल्या मैत्रिणीला. साधारण असं बोला : "अगं, तू एवढं सगळं एकटीनं केलंस, आम्ही नुसतं काहीही चालेल म्हणत बसलो. व्हॅटिकन रविवारी बंद असतं आणि बोर्गेझे सोमवारी, ते बदलावं लागेल. बदलतेच आहेस तर माझ्या दोन गोष्टी बसव. माझा गुडघा वर्षभर धड नाहीये, अर्ध्या तासानं मला बसावं लागतं. आणि मला कॅराव्हाजिओची चित्रं बघायचीत, कोणी आलं तर उत्तम, नाहीतर मी एकटी जाईन." आधी गुडघा आणि लगेच चित्रं. नुसता गुडघा सांगितलात तर त्या तुम्हाला सांभाळत बसतील. दुसरी गोष्ट जोडलीत की तुम्ही पेशंट राहत नाही. ती रागावली तर? रागावू दे. पस्तीस वर्षांच्या मैत्रीला एका दिवसाचा राग पेलतो.

पैशाचंही त्याच फोनवर. एकत्र पाचशे युरो जमा करणं दिसायला सोपं आहे, पण त्यात सगळ्यात महागड्या आवडीचा भार सगळ्यात आखडत्या हातावर येतो. एकीनं वाइन मागवली, दुसरीनं फक्त सूप घेतलं, बिल चौघींत. पहिल्या दिवशी कोणी बोलत नाही, तिसऱ्या दिवशी सूपवाली रुसते. म्हणून एकत्र पैसे फक्त खरोखर एकत्र असलेल्या गोष्टींना : खोल्या, टॅक्सी, शहराचा जो पाहुणाकर दरडोई दर रात्री हॉटेलवर वेगळा भरावा लागतो तो, आणि रोजचं एक एकत्र जेवण. विमानतळावरून टॅक्सीचा दर शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतपर्यंत बांधलेला असतो. चौघींत वाटला तर थेट रेल्वेच्या तिकिटाइतकाच पडतो, आणि बॅगा दाराशी उतरतात. बाकी तिकिटं, खरेदी, आइसक्रीम ज्याचं त्यानं. तुमचा आकडा आधी सांगून टाका : "माझ्याकडे वरखर्चाला इतके आहेत." आकडा सांगितल्यावर जी शांतता पडते ती पाच सेकंदांची असते. मी मोजलीय.

"तुझे मी भरते" म्हणणारीचं काय? तिनं प्रेमानं म्हटलंय, तुम्हाला मात्र ते ओझं वाटतंय. तिला एक छोटी गोष्ट भरू द्या. एका संध्याकाळचं जिलातो, म्हणजे तिथलं आइसक्रीम, तिच्याकडून घ्या. (पिस्त्याचं घ्यायचं तर भडक हिरवं नको, मळकट शेवाळी रंगाचं बघा, खरा पिस्ता तसाच दिसतो.) पुढच्या सकाळची कॉफी तुम्ही पाजा. काउंटरशी उभं राहून प्यायलात तर कॉफी स्वस्त, टेबलाशी बसलात की तीच महाग. तुमचा गुडघा आणि पाकीट यांचं इथे जमणार नाही, तेव्हा दिवसातून एकदा बसायची चैन करा आणि तिथे तासभर ठाण मांडा, कोणी उठवत नाही. पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, नाकासारखी तोटी म्हणून त्यांना नासोनी म्हणजे नाकाडे म्हणतात. चोवीस तास गार, पिण्याजोगं पाणी वाहत असतं. तोटी बोटानं दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं, बाटली नसली तरी चालतं.

चौथी मैत्रीण शाकाहारी आहे असं तुम्ही कंसात लिहिलंय, म्हणून घाईत एवढंच : रोममध्ये भोपळ्याच्या फुलांची भजी मिळतात. आपल्या कोकणातली आठवून ती हरखेल आणि मागवेल. फुलाच्या पोटात चीजसोबत मांदेलीच्या भाऊबंदांतला खारवलेला मासा असतो. आधी विचारायचं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" एवढं पाठ करा, मांसाशिवाय, माशाशिवाय. मारिनारा पिझ्झा नावावरून समुद्री वाटतो, पण त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, तेल आणि ओरेगानो असतो.

असं पत्र तुमचं एकटीचं नाही. जर्मनीत शिकणारी पोरंही लिहितात : चौघं शनिवार-रविवार प्रागला निघालेत, एकाला क्लबला जायचंय, एकाच्या खिशात खडखडाट आहे, आणि तो खडखडाटवाला पोटदुखीचं सोंग करायच्या विचारात आहे. तिथे गुडघा नसतो, खिसा असतो, गप्प बसणं तेच. त्यांनाही हेच सांगते : निघण्याआधी प्रत्येकानं एकच ठिकाण स्वतःचं म्हणून सांगायचं, आणि एकच गोष्ट जी जमणार नाही. चौघांची चार ठिकाणं आधी पक्की, मग उरलेल्या वेळात बाकीची यादी. आणि वेगळं व्हायचं तर पुन्हा भेटायची जागा अशी ठरवायची की चुकणं शक्य नाही. तुम्हाला रोममध्ये सुचवते : पँथिऑन या प्राचीन देवळाच्या मागच्या चौकात शिल्पकार बर्निनीच्या कल्पनेतला दगडी हत्ती आहे, पाठीवर इजिप्तचा स्तंभ घेतलेला. "साडेसहाला हत्तीपाशी." फोनची बॅटरी संपली तरी हत्ती हलत नाही.

हत्तीपासून तुमचा दिवस लागतो. सगळं एकमेकांपासून पाच-सात मिनिटांवर आहे, मध्ये बसायला जागा आहेत, आणि पँथिऑनचं तिकीट सोडलं तर खर्च जवळजवळ नाही. सकाळी पियाझ्झा नवोनाला जा. मधलं मोठं कारंजं बर्निनीचं, १६५१ सालचं. चार खंडांच्या चार नद्या चार पुरुषांच्या रूपात बसल्यात : डॅन्यूब, नाइल, ला प्लाता आणि आपली गंगा. गंगामाईचा तिथे दाढीवाला दांडगा बुवा झालाय, हातात भलं मोठं वल्हं. नाइलनं तोंडावर कापड ओढून घेतलंय, कारण उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. चौकात बाकं आहेत, दहा मिनिटं गंगेशी बसा.

तिथून सांतागोस्तीनो चर्च. डाव्या हाताच्या पहिल्या कोनाड्यात कॅराव्हाजिओची मडोना, म्हणजे येशूची आई मेरी, आहे, दारात उभी, बाळ कडेवर. तिच्यापुढे दोन यात्रेकरू गुडघे टेकून बसलेत, एक पुरुष आणि एक म्हातारी. पुरुषाचे तळवे थेट आपल्या तोंडासमोर येतात : मळलेले, सुजलेले, चालून चालून आलेले. वारी बघितलेल्या माणसाला ते पाय ओळखू येतात. चारशे वर्षांपूर्वी काही लोकांनी त्या मळक्या पायांवर नाकं मुरडली होती. तुमच्या बँकेतल्या मैत्रिणीला हे चित्र आवडणार नाही असं तुम्ही ठरवून टाकलंय. मला तरी तसं वाटत नाही. तीस वर्षं तुम्ही चौथीच्या पोरांना चित्राशी थांबायला लावलंत, तिघी बायकांना लावता येणार नाही होय?

आणि मग दोन गल्ल्या पलीकडे सान लुइजी देइ फ्रान्चेझी, रोममधल्या फ्रेंचांचं चर्च. दुपारी ते काही तास बंद असतं, म्हणून सकाळीच जा, किंवा दुपारच्या उघडण्याची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. आत डावीकडचा शेवटचा कोनाडा. अंधार असतो. बाजूला एक पेटी आहे, तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि डावीकडच्या भिंतीवर मॅथ्यू दिसतो, पुढे येशूचा शिष्य झालेला जकातदार, जकातीच्या टेबलाशी, पैसे मोजणाऱ्यांच्या घोळक्यात. उजवीकडून उजेडाची तिरीप येते आणि तिच्याखालून येशूचा हात. तो हात नीट बघा. सिस्टाइनच्या छतावर आदमचा जो सैलसर, मनगटात झुकलेला हात आहे, जो तुम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवला असेल, तोच कॅराव्हाजिओनं इथे उचललाय. टेबलाशी बसलेला एक पोरगा मान वर करायला तयार नाही, नाणीच मोजतोय. दिवा टक्कन विझतो तेव्हा आपण बहुधा त्याच्याशीच पोचलेलो असतो, आणि मागे उभे असलेले सगळे एकमेकांकडे बघतात, आता नाणं कोण टाकणार म्हणून.

तेव्हा सुटी नाणी जवळ ठेवा. एकत्र जमवलेल्या पैशांतली नकोत, तुमची.